पेलिकन्सनी २०२६चा पिक असा मोकळा का सोडला?

मंजू_लेकव्ह्यू
२८ जुलै २०२५

एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे बास्केटबॉलच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची रात्र, होऊन महिना झाला, पण त्या रात्री आपल्या पेलिकन्सनी २०२६चा पिक, म्हणजे पुढच्या वर्षीची निवडीची पाळी, अटलांटाला देऊन टाकली तो एक सौदा डोक्यातून जात नाही. नवऱ्याशी बोलून झालं, मुलाशी वाद घालून झाला, क्लिनिकमधल्या मैत्रिणींचे कान किटले. तरी मन निवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही न्यू ऑर्लीन्सला २००७च्या सप्टेंबरात आलो. कॅटरिना वादळाला दोन वर्षं झाली होती, तरी लेकव्ह्यूमधल्या रिकाम्या घरांच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या रेषा दिसायच्या. संघही तेव्हाच घरी परतला होता, दोन हंगाम ओक्लाहोमा सिटीत काढून. तेव्हा नाव हॉर्नेट्स होतं, पेलिकन्स २०१३ साली झालं. त्या पहिल्या वर्षी ख्रिस पॉलच्या संघाने ५६ सामने जिंकले. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या गल्लीत घर पुन्हा बांधणारी माणसं दिवसभर प्लायवूड कापून संध्याकाळी रेडिओवर सामना लावायची आणि आम्हालाही बोलवायची. ओळखदेख नसलेल्या शहरात पहिल्यांदा कुणाबरोबर ओरडले ती त्या रेडिओपाशी. तेव्हापासून ही माझी टीम.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखापतीतून उठणारी माणसं रोज हाताखालून जातात, त्यामुळे गेला हंगाम मला इतर प्रेक्षकांपेक्षा वेगळा दिसला आणि जरा जास्तच लागला.

३१ जानेवारीला बोस्टनविरुद्ध सामना होता. मी आणि मुलगा वरच्या मजल्यावर, नेहमीच्या जागी. पहिलाच क्वार्टर चालू होता. आपला डेजॉन्टे मरे रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परतलेल्या चेंडूसाठी, गेला आणि खाली पडला. कुणाचा धक्का नाही, कुणाच्या पायावर पाय नाही. मुलगा म्हणाला, "आई, घोटा मुरगळला असेल ना?" मी काहीच बोलले नाही. टाचेची शीर तुटलेले पेशंट माझ्याकडे येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं: मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कुणी नव्हतं. त्यांना पालथं झोपवून डॉक्टर पोटरी दाबतात. शीर शाबूत असेल तर दाबल्याबरोबर पाऊल खाली झुकतं. तुटलेली असेल तर पोटरी कितीही दाबा, पाऊल जागचं हलत नाही. वरच्या मजल्यावरून मला यातलं काही दिसणार नव्हतं, तरी पोटात खड्डा पडला. निदान तेच निघालं, अकिलीस. सामनाही दोन गुणांनी गेला, पण त्या रात्री गाडीत कुणी स्कोअरबद्दल बोललं नाही.

हाच मरे २३ ऑक्टोबरला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात डावा हात मोडून बसला होता. त्यातून उठला, परत आला, आणि दोन महिन्यांत हे. हर्ब जोन्सचा खांदा गेला, २० सामन्यांवर त्याचं वर्ष संपलं. ब्रँडन इंग्रमचा घोटा डिसेंबरात गेला आणि तो बरा होऊन उतरायच्या आत त्याला टोरांटोला देऊन टाकलं. ट्रे मर्फी आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम खेळत होता, मार्चमध्ये त्याच्याही खांद्याची कड फाटली. आपला सगळ्यात मोठा खेळाडू झायन विल्यमसन, तो फक्त ३० सामने खेळला. मुलगा सामन्याला निघताना "आज कोण खेळतंय?" असं विचारायचा आणि मी दुखापतींची यादी वाचून दाखवायची. यादी संपेपर्यंत आम्ही पार्किंगला पोचलेले असायचो.

२१ जिंकले, ६१ हरले. त्याच्या आदल्या वर्षी याच संघाने ४९ जिंकले होते.

यात मी कुणाला दोष देत नाही. झायनच्या वजनावरून जे बोललं जातं ते मला सहन होत नाही. २८४ पौंडांचा माणूस तेवढी उंच उडी मारतो, तेव्हा खाली येताना गुडघ्या-घोट्यांवर वजनाच्या कितीतरी पट भार पडतो आणि तो रात्रीमागून रात्री पडतो. २०२४च्या एप्रिलमध्ये लेकर्सविरुद्ध ४० गुण करून, सामना बरोबरीत आणून तो मांडीचा मागचा स्नायू धरून आत गेला, तेव्हा मी रडले होते. सहा हंगामांत संघ ४७२ सामने खेळला, त्यातले २१४ तो खेळला. हा आकडा मी टोमणा म्हणून सांगत नाही. पुढची जुळवाजुळव करताना तो समोर ठेवायला हवा, एवढंच.

आणि माझं दुखणं तिथेच आहे. ड्राफ्टच्या रात्री आपण सातव्या क्रमांकावर जेरमाया फिअर्स घेतला. ठीक. मग तेराव्या क्रमांकावरचा डेरिक क्वीन मिळवायला अटलांटाला काय दिलं? आपला तेविसावा पिक, आणि शिवाय २०२६चा पहिल्या फेरीचा पिक. तोही कसा, तर आपला आणि मिलवॉकीचा यांतला जो वरचा येईल तो, कुठलंही संरक्षण न ठेवता. उद्या तो पहिला जरी आला तरी अटलांटाचा.

२०२६चाच का? मरेची शीर जानेवारीत तुटली. माझ्या अनुभवात अशा माणसाला नुसतं मैदानात उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि जुना झटका पायात यायला त्याहून पुढे. म्हणजे येणारा हंगाम त्याच्यासाठी गेल्यातच जमा. दोन जणांचे खांदे नुकते शिवलेले. हे सगळं संघाच्या डॉक्टरांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त माहीत आहे. मग ज्या वर्षी आपण तळाशी राहण्याची भीती सगळ्यात जास्त, नेमकं त्याच वर्षीचं बियाणं मोडून कसं खाल्लं? संरक्षण तरी मागायचं. पहिले चार आले तर आमचे, एवढं तरी.

क्वीन वाईट खेळाडू आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. मार्चमध्ये मेरीलँडकडून कोलोरॅडो स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने टाकलेला बास्केट आम्ही घरात उड्या मारत बघितलाय. प्रश्न किमतीचा आहे आणि वेळेचा आहे. कुणाला यातलं शहाणपण दिसत असेल तर मला खरंच समजावून सांगा. हंगामी तिकिटांचं उत्तर मला या आठवड्यात द्यायचंय.

---

बेसलाइन_बंड्या
२८ जुलै

ताई, शहाणपण असेल तर मलाही कळवा. मी ह्यूस्टनला असतो, वर्षातून चार वेळा गाडी काढून सामन्याला येतो आणि परतताना सहा तास स्वतःशीच बोलत असतो.

तुम्ही एका सौद्याबद्दल लिहिलंत, मला त्यामागची ओळच्या ओळ दिसते. आणि दर वेळी समोर अटलांटा. २०१९ला अँथनी डेव्हिस गेला तेव्हा बदल्यात चौथा पिक आला होता. तो आपण अटलांटाला दिला आणि खालचे घेतले, त्यातून आठव्यावर जॅक्सन हेज आणि सतराव्यावर निकील अलेक्झांडर-वॉकर. दोघंही आज आपल्याकडे नाहीत. २०२०ला तेराव्यावर किरा लुईस. त्या पोराचा गुडघा दुसऱ्याच हंगामात गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण टायरीस मॅक्सी त्या दिवशी एकविसाव्यापर्यंत बसून होता हेही विसरता येत नाही.

आणि डायसन डॅनियल्स. २०२२चा आठवा पिक. दोन वर्षं आपण त्याला घडवलं, मग मरेसाठी पुन्हा अटलांटाला दिलं, वर पहिल्या फेरीचे दोन पिक. मागच्या हंगामात मरे जायबंदी होऊन बसला आणि डॅनियल्सने सामन्याला तीन चेंडू हिसकावले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचं बक्षीस घेतलं. मरेचा त्यात काय गुन्हा? पण मी ते बक्षीस बघताना टीव्ही बंद केला.

आमचे लोक निवड करतात तेव्हा कधीकधी फार सुंदर करतात. मर्फी सतरावा, हर्ब तर पस्तिसावा, मिसी एकविसावा. होसे अल्वाराडोला कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं. तो बेसलाइनच्या कोपऱ्यात दबा धरून बसतो आणि समोरचा गाफीलपणे चेंडू घेऊन निघाला की मागून येऊन पळवतो, त्याच्यासाठी मी सहा तास गाडी चालवतो. म्हणजे डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी शोधलेलं हातात टिकत नाही.

---

तिसरा_क्वार्टर
२९ जुलै

मंजूताई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. मी या सौद्याच्या बाजूने आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

पहिली गोष्ट, या शहरात मोठा खेळाडू आपण होऊन येत नाही. लॉस एंजेलिस नाही, मायामी नाही. आलेले मोठे खेळाडू सगळे ड्राफ्टमधून आले: पॉल २००५ला चौथा, डेव्हिस २०१२ला पहिला, झायन २०१९ला पहिला. आणि पहिले दोघं निघून गेले. त्यामुळे ज्याच्यावर तुमचा मनापासून विश्वास आहे असा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा समोर दिसला तर त्याच्यासाठी जास्त मोजणं भाग पडतं. पुढच्या वर्षीचा पिक हा अजून माणूस नाही, क्रमांक आहे. क्वीन माणूस आहे.

दुसरी, लॉटरीवर, म्हणजे हरलेल्या संघांचे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीवर, इतका जीव टाकू नका. या वर्षीच आपण खालून चौथे होतो आणि घसरलो सातव्यावर. डॅलसकडे पहिल्या क्रमांकाची १.८ टक्के संधी होती, त्यांना कूपर फ्लॅग मिळाला. २०१९पासून तळाच्या तिघांनाही प्रत्येकी १४ टक्केच मिळतात. पूर्वीसारखं हरून पहिला नंबर येण्याची खात्री उरलेली नाही.

तिसरी, क्वीन सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच माणूस, असून चेंडू हाताळतो. बचाव करणाऱ्याला पाठीवर घेऊन वळतो आणि कापत जाणाऱ्याला बरोबर हातात पास देतो. झायनबरोबर असा खेळाडू आपण कधी लावलेलाच नाही. बचाव कच्चा आहे, रिंगपाशी उडी कमी आहे, मान्य. पण आपल्या उंच माणसांत हा हात कुणाकडे होता?

आणि ज्यो ड्युमार्स. लुईझियानाचाच माणूस, नॅकिटशमध्ये वाढला, मॅकनीज स्टेटला खेळला. एप्रिलमध्ये पेलिकन्सची सूत्रं हातात घेतली आणि तीन महिन्यांत सगळं हलवलं. याच माणसाने डेट्रॉइटचा २००४चा विजेता संघ बांधला होता, एकाही अव्वल ताऱ्याशिवाय. मी त्याला दोन वर्षं द्यायला तयार आहे.

---

बेसलाइन_बंड्या
२९ जुलै

२००४चा संघ त्याने बांधला, शंभर टक्के. २००३च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिचही त्यानेच घेतला, कार्मेलो अँथनी, बॉश आणि वेड पुढे शिल्लक असताना. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणूनच मला संरक्षण हवं होतं.

---

नवखा_प्रेक्षक
२९ जुलै

मध्येच विचारतो, माफ करा. मी प्लेऑफपासूनच बघायला लागलो. पिकला संरक्षण असणं म्हणजे नक्की काय? आणि ते मागितल्यावर समोरचा देतो का?

---

ब्रॉड_स्ट्रीट_विनू
२९ जुलै

याचं उत्तर फिलाडेल्फियाच्या माणसाने द्यावं, कारण आम्ही ते आत्ताच जगलोय.

समजा तुम्ही तुमचा पुढचा पिक दुसऱ्याला देऊन टाकला. पण करारात लिहिलं की पहिल्या सहांत आला तर तो आमच्याकडेच राहील, सातवा किंवा त्याखाली गेला तरच तुमचा. ते 'पहिल्या सहांपर्यंत संरक्षण'. आमचा २०२५चा पिक अगदी याच अटीवर ओक्लाहोमा सिटीला देणं होता. हंगाम सुरू झाला तेव्हा वाटलं होतं, जाईल बिचारा विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाने, कुणाला फिकीर. मग एम्बीड फक्त १९ सामने खेळला, पॉल जॉर्ज ४१, मॅक्सी ५२. जॅरेड मकेन पहिल्याच वर्षात इतका सुरेख खेळत होता, डिसेंबरात त्याच्या गुडघ्यातला मिनिस्कस फाटला. आम्ही २४ जिंकले, ५८ हरलो. लॉटरीच्या संध्याकाळी मी उभं राहून सोडत बघितली. मला बसवेना. आमचा क्रमांक तिसरा आला. त्या एका ओळीमुळे व्हीजे एजकूंब आज आमचा आहे. ती ओळ नसती तर ज्या संघाने जूनमध्ये अजिंक्यपद जिंकलं, त्यालाच तो मिळाला असता.

देतात का? देतात, पण त्याची किंमत असते. संरक्षण घातलं की पिकची किंमत उतरते, मग समोरचा आणखी काहीतरी मागतो. अटलांटाला ड्राफ्टच्या रात्री माहीत होतं की पेलिकन्सना क्वीन हवाच आहे. गरजू माणसाला भाव करता येत नाही.

उलट उदाहरणंही आहेत. २०१३ला ब्रुकलिनने म्हाताऱ्या होत चाललेल्या गार्नेट आणि पिअर्ससाठी बोस्टनला पिक मोकळे दिले. त्यातून जेलन ब्राउन आला आणि टेटमची वाटही तिथूनच निघाली. क्लिपर्सनी २०१९ला पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला दिलेल्या पिकमधून जेलन विल्यम्स झाला. दोन्ही वेळा देणाऱ्याला वाटत होतं, आम्ही पुढच्या वर्षी वरच असणार.

मंजूताई, एम्बीडच्या गुडघ्याबद्दल मी तुम्हाला एक दिवस सवडीने विचारणार आहे. आज नको, आज तुमचंच दुःख पुरेसं आहे.

---

निखिल_पीजी
२९ जुलै

इंडियानाचा भाग कुणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. जो तेविसावा पिक आपण अटलांटाला दिला, तो आला कुठून? इंग्रमच्या बदल्यात टोरांटोकडून आपल्याला इंडियानाचा २०२६चा पहिल्या फेरीचा पिक मिळाला होता. फायनल चालू असतानाच आपण तो इंडियानाला परत देऊन त्यांचा या वर्षीचा तेविसावा घेतला. त्यानंतर काही दिवसांतच फायनलच्या सातव्या सामन्यात त्यांच्या हॅलिबर्टनची अकिलीस तुटली. आता तो येतं पूर्ण वर्ष खेळणार नाही, त्यांच्याच लोकांनी सांगितलंय.

म्हणजे जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे २०२६चे पहिल्या फेरीचे दोन पिक होते. जून संपला तेव्हा एकही नाही.

---

तिसरा_क्वार्टर
३० जुलै

हॅलिबर्टनचं कुणाला आधी कळणार होतं, निखिल? ते दुर्दैव आहे, चूक नाही. तेवढं तरी वेगळं ठेवूया.

---

मंजू_लेकव्ह्यू
३० जुलै २०२५

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री मुलाला मोठ्याने वाचूनही दाखवलं. बंड्या, अल्वाराडोवर तो इतका खूश झाला की आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारामागे लपून बसला होता.

तिसरा_क्वार्टर, तुम्हाला कुणी शिव्या देणार नाही. तुमचा पहिला मुद्दा माझ्या मनात उतरला. डेव्हिसने जायचंय म्हणून सांगितलं तेव्हा या शहराचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलंय. पहिल्या वेळी पुरात घर गेलं आणि दुसऱ्या वेळी माणूस गेला, असं आमची शेजारीण म्हणायची. त्यामुळे हातात आलेला खेळाडू घट्ट धरावा हे मला पटतं. इंडियानाच्या सौद्याबद्दलही तुमचंच खरं. तुटणारी शीर आधी निरोप धाडत नाही, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक.

पण मरेची शीर जानेवारीतच तुटली होती, सौदा जूनमध्ये झाला. ते दुर्दैव आधीच घडून गेलेलं होतं आणि टेबलावर समोर होतं. या वसंतात तीन मोठ्या खेळाडूंच्या अकिलीस तुटल्या. एप्रिलमध्ये मिलवॉकीचा लिलार्ड, मेमध्ये बोस्टनचा टेटम, जूनमध्ये इंडियानाचा हॅलिबर्टन. त्या तिन्ही संघांनी लगेच पुढचं वर्ष वेगळं मांडायला घेतलं. बोस्टनने ड्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला सोडून पगार खाली आणले. मिलवॉकीने लिलार्डचा करारच मोकळा केला. इंडियानाने स्वच्छ सांगून टाकलं की हे वर्ष तो नाही. तिघांनीही शिरेला लागणारा वेळ कबूल केला. चौथी अकिलीस आमच्याकडे, सगळ्यांच्या आधीची, आणि आम्ही एकटेच असं वागलो की ऑक्टोबरात सगळे टुणटुणीत उभे राहणार आहेत. आणि लिलार्ड गेल्यावर मिलवॉकीही खाली येऊ शकतो, म्हणजे 'दोघांतला वरचा' या शब्दांची किंमत अजून वाढली.

क्लिनिकमध्ये हेच रोज करावं लागतं. मागच्या वर्षी एक पेशंट होता, छतं घालायचं काम करणारा, पन्नाशीचा, हीच शीर. सहाव्या महिन्यात तो न लंगडता चालायला लागला आणि शिडी मागायला लागला. मी त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि एका पायावर टाच उचलायला सांगितली. चांगल्या पायावर पंचवीस वेळा उचलली. दुखऱ्या पायावर चार वेळा, आणि चौथ्यांदा टाच जमिनीपासून जेमतेम बोटभर. त्याला स्वतःलाच धक्का बसला, कारण चालताना त्याला काही जाणवतच नव्हतं. त्याने ते वर्ष जमिनीवरची कामं घेतली, कमी पैशांत. बायको शाळेच्या बसवर जायला लागली. त्या घराने हिशोब बदलला आणि निभावलं. माझी संघाकडून एवढीच अपेक्षा होती. कुणी भिंतीपाशी उभं करून टाच उचलायला लावली असती तर हा पिक मोकळा सुटला नसता, असं मला राहून राहून वाटतं.

नवखा_प्रेक्षक, माफी कसली मागता. तुमच्या प्रश्नामुळे विनूंचं ते उत्तर मिळालं. सोडत उभ्याने बघितलीत हे वाचून मला भरून आलं, विनू. एम्बीडच्या गुडघ्याचं केव्हाही विचारा. लांबून मला जेवढं कळतं तेवढं सांगेन.

आता क्वीनचं. समर लीगमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या उन्हाळी सामन्यांत, त्याच्या मनगटाला लागलं आणि शस्त्रक्रिया झाली, हे तुम्ही सगळ्यांनी वाचलंच असेल. मनगटात स्कॅफॉइड आणि ल्युनेट ही दोन छोटी हाडं एकमेकांना लागून असतात, त्यांना बांधून ठेवणारा अगदी इवलासा अस्थिबंध. तो सैल पडला की हात टेकून उठतानाही कळ जाते, मग सेंटरचा खेळ तर सगळा हातांवर चाललेला. बारा आठवडे म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर उजाडणार. बातमी आली तेव्हा मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, ही दुखापत बरी होते, या वयात तर चांगली होते, फक्त घाई करायची नाही. पहिले काही आठवडे बोटं हलवायची, मग मऊ स्पंज दाबायचा, मग कुठे चेंडू. तो म्हणाला, "मग तोपर्यंत फिअर्सला बघू."

हंगामी तिकिटांचं उत्तर आज दिलं. चार जागा घ्यायचो, या वर्षी दोनच घेतल्या, त्याच रांगेतल्या. मन होत नव्हतं, पण मरे परत येईल त्या रात्री मला तिथे असायचंय. तो पहिली उडी कुठल्या पायावर घेतो ते मी बघणार आहे.

आणि तिसरा_क्वार्टर, तुम्ही समर लीगचे सामने सगळे बघितले असतील तर फिअर्सबद्दल जरा लिहा ना. मला दोनच बघता आले. तो पहिल्या पावलात बचाव मोडतो हे दिसलं, पण रिंगपाशी पोचल्यावर दोन्ही पायांवर उतरतो की एकाच, ते मला टीव्हीवर नीट कळलं नाही.